लिफ्ट किटसाठी जुनी पिकअप घेताय? या चुका टाळा

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या कच्च्या वाटांवर लाल चिखलात खोल चाकोऱ्या पडतात. डिफरन्शियलचा गोळा (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोल डबा) मधल्या उंचवट्यावर टेकतो, चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि मग लिफ्ट किटचा (गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांचा) विषय निघतो. पहिली चूक इथेच होते. सस्पेन्शन लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते, मागचा गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो. २४५/७० आर १६ काढून २६५/७० आर १६ घातला तर टायरचा व्यास साधारण ७४९ मिमीवरून ७७७ मिमी होतो, म्हणजे गोळा वर जातो जेमतेम १४ मिमी. लिफ्टमुळे मिळते ती मोठ्या टायरसाठी जागा, आणि पुढचा बंपर व पोट घासण्यापासून सुटका. अथणी, रायबागच्या काळ्या मातीत फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली रिकामी पिकअप कितीही उचलली तरी रुतायची ती रुततेच. अशा जमिनीसाठी आधी फोर-बाय-फोर आणि खोल नक्षीचे टायर पाहा.

बसलेली गाडी लिफ्टने सुधारेल, हा समज

ऊस, वाळू, भाजीपाला वाहून पाटे (लीफ स्प्रिंग) सपाट झालेली गाडी स्वस्तात मिळते. 'नाहीतरी लिफ्ट करायचीच आहे' म्हणून घेतली जाते. पण पाटे ज्या ओझ्याने बसले, तेच ओझं चेसिसनेही सोसलेलं असतं. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा माप बिघडवतात. डाव्या-उजव्या बाजूंत १०-१२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या बाजूचा पाटा, बुश किंवा चेसिस यांपैकी काहीतरी गेलं आहे.

मग खाली जा. मागच्या पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे धरले आहेत तिथे केसासारखी भेग, नवी वेल्डिंग किंवा वरून मारलेली पट्टी शोधा. खालचा सगळा भाग ताज्या काळ्या रंगाने चकाकत असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. छोट्या हातोडीने ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. कारवार-गोव्याकडे खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत हे जास्त बारकाईने करा. लाल चिखल चेसिसच्या पोकळीत बसून पाणी निघायची भोकं बुजवतो, म्हणून गंज आतून सुरू होतो. हँगरजवळ भेग दिसली तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही पाडली तरी.

पुढचं सस्पेन्शन न ओळखता किट ठरवणं

मॉडेलचं नाव एकच असलं तरी वर्ष आणि व्हेरियंटप्रमाणे पुढची रचना बदलू शकते, त्यामुळे वाकून पाहिल्याशिवाय किटची ऑर्डर नको. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे आहेत. टोयोटा हायलक्सचंही तसंच. अशा गाडीत स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर जेवढा जाड, त्याच्या दीडपट ते दुप्पट गाडी उचलते, कारण शॉकअप आर्मच्या टोकाला नाही, आतल्या बाजूला बसलेला असतो. '५० मिमी हवंय' म्हणून ५० मिमीचा स्पेसर घातला की बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट मर्यादेबाहेर वाकतात. टॉर्शन बारची (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या दांडीची) गाडी असेल तर अ‍ॅडजस्टर बोल्टचे आटे किती शिल्लक आहेत ते पाहा. बोल्ट जवळजवळ पूर्ण आवळलेला असेल तर आधीच्या मालकाने ती चढवून झाली आहे.

चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवल्यावर खटका आला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून आला तर टाय रॉड एंड. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असेल तर आतला जॉइंट खराब समजा. लिफ्टनंतर हे सगळे जॉइंट रोजच वाकड्या कोनात चालतात. आज आलेला बारीक खटका पुढे काही महिन्यांत खडखडाट होतो.

सौदा ठरण्याआधी व्हील अलाइनमेंटचा छापील कागद काढून घ्या. कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा आत-बाहेरचा आणि स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागचा कल) आत्ताच मर्यादेत बसत नसेल तर लिफ्टनंतर मुळीच बसणार नाही. कॅस्टर कमी झाला की निपाणी-बेळगाव हायवेवर स्टिअरिंग भरकटतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही.

मागे शॉर्टकट

शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) ५० मिमी लांब घातलं तर गाडी साधारण २५ मिमीच उचलते, शिवाय गोळ्याचं तोंड फिरून प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर गाडी हलताना धडधड जाणवते. सेंटर बेअरिंगखाली पॅकिंग लागतं. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मधे ठोकळ्यावर ठोकळा कधीच रचू नका, ब्रेक दाबताना तो सरकू शकतो. पुढच्या अ‍ॅक्सलला तर ठोकळा वर्ज्यच. जुने यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) पुन्हा वापरू नका, एकदा ताणलेला बोल्ट तसा आवळ धरत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. अनेक पिकअपमध्ये तो चेसिसवर असतो आणि एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. चेसिस वर गेली की हौदा रिकामा आहे असं धरून तो मागच्या चाकांचा दाब कमी ठेवतो. भरलेली गाडी चोर्ल्याचा घाट उतरत असेल तर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल निकामी होत जातं. विकत घेताना ही दांडी जागेवर आहे का, तारेने बांधून तर ठेवली नाही ना, हे पाहाच. लिफ्टनंतर तिचा ब्रॅकेट बदलून घ्या. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबकळताना ताणत नाहीत ना, तेही तपासा.

कागद

एमएच-०९ ची (कोल्हापूर पासिंगची) गाडी इकडे बेळगावात स्वस्त वाटते. पण बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवायची तर एनओसी (फॉर्म २८), इकडचा टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं येतं. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागा. यलो बोर्ड (व्यावसायिक) गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी एफसी (फिटनेस सर्टिफिकेट) लागते, आणि तिथे उंची-टायर डोळ्यांत येतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणून किट घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा.

गाडी तयार झाल्यावर हेडलाइट खाली वळवून घ्या. मीटर ८० दाखवेल तेव्हा २६५ च्या टायरवर खरा वेग ८३ च्या आसपास असेल, हे लक्षात ठेवा. पहिल्या १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर यू-बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. अलाइनमेंट त्यानंतरच पुन्हा करा.