विमानाच्या खिडकीतून काही वावगं दिसलं तर

विश्रामबागमध्ये आमच्या गल्लीतलं कुणी विमानानं निघालं की आधी माझ्याकडं डोकावतं. मुंबईच्या हँगरात 31 वर्षं मेंटेनन्सला काढली, त्यामुळं प्रश्न ठरलेला: "विमान धड आहे का नाही, आपल्याला कळतं का हो?" बरंचसं नाही कळत. पण डोळ्याला दिसलेलं नीट सांगता येतं. परवा शेजारच्या वहिनी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबादला निघाल्या, त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी कशाला घाबरायचं नाही ते. पंखावर चंदेरी पट्टी दिसली तर ती घरातली चिकटपट्टी नव्हे. ॲल्युमिनियमची टेप असते, नियमात बसेल अशाच किरकोळ जागी लावतात. खिडकीच्या काचेला खाली बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं. पावसाळ्यात वरून पांढरी वाफ उतरते, ती एसीची. एअरबस ए320 जमिनीवर कुत्रं भुंकल्यासारखा आवाज काढतं, तो हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा. एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानात चढताना उजवं इंजिन घुमतंय आणि प्रॉपेलर मात्र थांबलाय असं दिसेल. प्रॉपेलरला ब्रेक लावून त्या इंजिनावर वीज आणि हवा घेतात, निघताना सोडतात.

खुर्ची मागं जात नाही, वाचायचा दिवा लागत नाही, यानं विमान बिघडलं असं होत नाही. काय बंद असताना उडता येतं आणि किती दिवसांत दुरुस्त करायचं, याची मंजूर यादी असते, एमईएल म्हणतात. त्यात बसवून काम पुढं ढकललं की आम्ही म्हणायचो, 'डिफर केलं'. बहुतेक वेळा त्यात काही वाईट नसतं. पण ढकललेलं काम कुठं जाऊन अडेल ते सांगता येत नाही.

10 मार्च 1989, कॅनडातलं ड्रायडन. फोकर एफ28 विमानाचं एपीयू, म्हणजे मोठी इंजिनं चालू करायला लागणारं शेपटीतलं छोटं इंजिन, डिफर केलेलं होतं. तिथल्या विमानतळावर मोठी इंजिनं बाहेरून चालू करायची सोय नव्हती, म्हणून एक इंजिन बंदच केलं नाही. त्या विमानाचं इंजिन चालू असताना पंखावरचा बर्फ काढायला मनाई होती, आणि वरून बर्फ पडतोय. प्रवाशांत दोन वैमानिक होते. त्यांनी पंखावरचा बर्फ पाहिला, पण कॉकपिटमधल्यांना ठाऊक असणारच असं धरून गप्प बसले. विमान उडताच कोसळलं, 69 पैकी 24 माणसं गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 मध्ये चढताना एका बाईंना दाराजवळ पत्र्याला भेग दिसली. त्याही बोलल्या नाहीत. 24,000 फुटांवर पुढचं छप्पर उडून गेलं, एक हवाई सेविका त्यात गेली. झिजलेले जोड तपासणीत नजरेतून सुटले होते, हे खरंच. पण ती भेग निदान एका माणसानं तरी पाहिली होती.

म्हणून मी म्हणतो, हसं होईल याची लाज धरू नका. पत्रा उचललेला किंवा फडफडणारा, स्क्रूंची अख्खी रांग रिकामी, पंखाखालून इंधनाची धार, कुठंतरी लटकत राहिलेली लाल फीत (उडण्याआधी काढायच्या पिनांना, झाकणांना ती बांधलेली असते), जळका वास: सांगायचंच. आणि बसल्या बसल्या पट्ट्याचं बक्कल लावून ओढून बघायचं, खुर्चीखाली लाइफ जॅकेट हाताला लागतंय का चाचपायचं.

सांगायची पद्धत महत्त्वाची. "विमान खराब वाटतंय" म्हटलं तर कुणी काय करावं? पुढं तोंड करून बसल्यावर डावी बाजू की उजवी, रांग कितवी, पंखाची पुढची कड की मागची, एवढं बोला. थेंब आहेत की धार, हेही सांगा. "कॅप्टनला कळवा" हे स्पष्ट म्हणा. दार लागायच्या आत सांगितलंत तर उत्तम, नंतर दिसलं तर बेल वाजवा, उठू नका. फोटो काढलात तर आधी हवाई सेविकेला दाखवा, ग्रुपवर नंतर.

आणि मग उशीर झाला तर ओरडू नका बाबांनो. एकदा पहाटे काम संपवून हत्यारं मोजली, तर तपासायचा छोटा आरसा कमी. हत्याराच्या पेटीत त्याची खाच रिकामी. प्रवासी बसलेले, वरून फोनवर फोन. तरी हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. चाकांची पोकळी, इंजिनाची झाकणं पुन्हा उघडून बघितली. दोन तासांनी आरसा निघाला माझ्याच ओव्हरऑलच्या अस्तरात, फाटक्या खिशातून उतरलेला. त्या दोन तासांत ज्या शिव्या ऐकल्या त्या योग्य माणसालाच मिळाल्या म्हणायच्या.

वहिनींचा विमानातूनच फोन आला. "भाऊजी, बक्कल लागत नव्हतं, सांगितलं. लगेच जागा बदलून दिली." थोडं थांबून म्हणाल्या, "खिडकी गेली हो माझी."