गो, वेंट, गॉन पाठ आहे पण बोलताना अडतंय? मग एकच क्रियापद असं पक्कं करा

इंग्लिशमधलं अनियमित क्रियापद म्हटलं की आपल्याला शाळेतला तो तक्ता आठवतो, गो वेंट गॉन, ईट एट ईटन, सगळ्यांनी घोकलेला. कोल्हापुरात कुणालाही विचारा, राजारामपुरीत क्लासला जाणाऱ्या पोरापासून शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यापर्यंत, गो वेंट गॉन सगळ्यांना येतंय. तरी इंटरव्ह्यूला बसलं की तोंडातून निघतं "आय डिडन्ट वेंट". पोरांची हुशारी कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. तक्त्यात फक्त रूपं असतात, कुठलं रूप कुणासोबत वापरायचं ते त्यात नसतं, आणि बोलताना नेमकं तेच लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की इंग्लिशमधली सुमारे २०० अनियमित क्रियापदं एकदम पाठ करत बसू नका, एक घ्या पण पूर्ण घ्या, आणि ते गो घ्या, कारण कुठं गेलतास, कुठं चाललायस, कधी जाणार हे आपण दिवसभर बोलतच असतो.

अनियमित म्हणजे काय, तर वॉकला ईडी लावलं की वॉक्ड होतं, तसं गोचं गोएड होत नाही, वेंट होतं. याला घाबरायचं कारण नाही, मराठीत पण हेच आहे. आपण "जातो" म्हणतो आणि भूतकाळात "गेला" म्हणतो, यातलं जा हे संस्कृतच्या या धातूवरनं आलंय आणि गेला हे गम् धातूच्या गत वरनं, म्हणजे दोन धातू एका क्रियापदात. वेंटचं पण तसंच, ते मूळचं वेंड नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचं भूतकाळाचं रूप, १५व्या शतकापर्यंत ते गोचा भूतकाळ म्हणून रुळलं.

आता वही घ्या आणि पाच रूपं एकाखाली एक लिहा: गो, गोज, गोइंग, वेंट, गॉन. प्रत्येकासमोर त्याची सोबत लिहायची, खरं काम तेच आहे.

गो समोर लिहा आय, यू, वी, दे. त्याच ओळीत पुढं डू, डझ, डिड, विल, कॅन, शुड, मस्ट आणि टू पण लिहा, कारण यातलं काहीही आलं की पुढं गोच येतं, काळ कुठलाही असो. "आय वॉन्टेड टू गो" बरोबर, "आय वॉन्टेड टू वेंट" चूक, वॉन्टेडमध्ये भूतकाळ येऊन गेला की पुन्हा कशाला दाखवायचा.

गोज समोर ही, शी, इट आणि एकट्या माणसाचं किंवा वस्तूचं नाव. "माय सिस्टर गोज टू शिवाजी युनिव्हर्सिटी", "धिस बस गोज टू गंगावेश". स्पेलिंगमध्ये नुसता एस नाही, ईएस. पण प्रश्न विचारताना डझ आला की गोजचं परत गो होतं, "डझ धिस बस गो टू गंगावेश?" केएमटीच्या स्टॉपवर बाहेरचा कुणी हे विचारत असेल तर कान देऊन ऐका, एकदा कानाला बसलं की "डझ इट गोज" तुमच्या तोंडात येणारच नाही.

गोइंग समोर अॅम, इज, आर, वॉज, वेअर. इथं कोल्हापुरी बोलणाऱ्याला एक फायदा आहे बघा. आपण "मी रोज तालमीला जातो" आणि "मी आत्ता तालमीला जायलोय" हे दोन कधीच गोंधळात टाकत नाही. जातो म्हणजे गो, जायलोय म्हणजे अॅम गोइंग. तरी लई जण "आय अॅम डेली गोइंग टू जिम" म्हणतात. मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणून बघा, जायलोय बसलं तरच गोइंग. एक अपवाद ठेवा, आधीच ठरलेल्या पुढच्या गोष्टीला पण गोइंग चालतं. महालक्ष्मी एक्सप्रेसचं उद्याचं तिकीट काढलं असेल तर "आय अॅम गोइंग टू मुंबई टुमारो" एकदम बरोबर. आणि गोइंग टू पुढं दुसरं क्रियापद आलं तर जाण्याचा संबंधच राहत नाही, "आय अॅम गोइंग टू बाय अ बाइक" म्हणजे मी बाइक घेणार आहे.

आता वेंट. याच्यासमोर काहीच लिहायचं नाही, ती जागा मोकळी सोडा. वेंट एकट्यानं चालतं, त्याला डिड चालत नाही, हॅव चालत नाही, वॉज चालत नाही. अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मात्र माणूस कुठलाही असला तरी ते बदलत नाही, आय वेंट, शी वेंट, दे वेंट, सगळीकडं तेच, त्यामुळं वापरायला सगळ्यात सोपं रूप हेच. प्रश्न किंवा नकार आला की डिड येतो आणि वेंट जागा सोडतं. म्हणून कालचं एक वाक्य घेऊन तीन प्रकारे मोठ्यानं म्हणा: "आय वेंट टू रंकाळा यस्टरडे. डिड यू गो टू रंकाळा यस्टरडे? आय डिडन्ट गो टू रंकाळा यस्टरडे." मग रंकाळा काढून पन्हाळा घाला, बिंदू चौक घाला, जोतिबा घाला, आय काढून माय फादर घाला. मनात वाचून उपयोग नाही, तोंडातनं आवाज आला पाहिजे.

गॉन समोर हॅव, हॅज, हॅड. इथं जरा थांबा कारण खरी मेख इथं आहे. "माय ब्रदर हॅज गॉन टू पुणे" म्हणजे भाऊ पुण्याला गेलाय आणि अजून तिकडंच आहे, किंवा वाटेत आहे. तो जाऊन परत आलाय, आता समोर बसून मिसळ खायलाय, तर "ही हॅज बीन टू पुणे". हे बीन तक्त्यात गोच्या ओळीत कुठंच नसतं, म्हणून कुणाला माहीत नसतं. त्यामुळं इंटरव्ह्यूत "हॅव यू एव्हर बीन टू बेंगळुरू?" विचारलं की उत्तर "येस, आय हॅव बीन देअर", कारण तुम्ही त्यांच्यासमोर बसलाय, तिकडं गेलेले नाही. आणि यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ असा ठरावीक वेळ सांगितला की हॅव सोडून द्या आणि सरळ वेंट वापरा. "आय हॅव गॉन देअर यस्टरडे" आपल्याकडं सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे. हॅडचं काम सोपं आहे, भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी जी आधी झाली तिला हॅड. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड गॉन."

रूपं जमली की जागेचा शब्द बघा. गो टू स्कूल, गो टू द मार्केट, पण गो होम, गो देअर, गो आउट, गो अब्रॉड, यात टू नाही. रंकाळ्यावर फिरायला जाणं म्हणजे गो फॉर अ वॉक, गो फॉर वॉकिंग नको. शॉपिंगला मात्र फॉर लागत नाही, गो शॉपिंग.

शेवटी मराठीतलं प्रत्येक "गेलं" इंग्लिशमध्ये गो करू नका. लाइट गेली ला "द पॉवर वेंट आउट" चालतं, जेवण वाया गेलं ला "द फूड वेंट टू वेस्ट" चालतं, दूध नासलं ला पण "द मिल्क हॅज गॉन बॅड" म्हणतात. पण विसरून गेलो म्हणजे नुसतं "आय फरगॉट", घाबरून गेलो म्हणजे "आय गॉट स्केअर्ड", आणि नोकरी सोडून गेला म्हणजे "ही लेफ्ट द जॉब".

हे सगळं एका बैठकीत नको. रोज एक रूप घ्या, घरात कुणीतरी प्रश्न विचारायला बसवा, लहान भाऊबहीण असली तर उत्तम, आणि आपल्याच दिवसातली वाक्यं करा. गो न अडता यायला लागला की लगेच कम घ्या, त्याची रूपं कम, केम, कम. तिसरं पुन्हा पहिल्यासारखंच आहे, म्हणून ट्रेन आलीय म्हणताना "द ट्रेन हॅज कम", हॅज केम नाही, आणि केमसमोरची जागा वेंटसारखीच मोकळी सोडायची.