घोड्याचे हाल दिसले तर काय करावं: पहिल्या फोटोपासून ताब्याच्या आदेशापर्यंत

बरगड्या मोजता येतील असा घोडा, खोगिराखाली चिघळलेली जखम आणि त्याच पाठीवर बसायला तयार असलेलं पुढचं गिऱ्हाईक. माथेरान-महाबळेश्वरला, कोकणातल्या किनाऱ्यांवर किंवा लग्नाच्या वरातीत असं दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. बहुतेक जण हळहळतात, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. काही जण मालकाशी भांडण काढतात. दोन्हींतून घोड्याच्या पदरात काही पडत नाही. त्याला सोडवतात ते कागद: तारखेचे फोटो, पशुवैद्यकाचा दाखला, पोलीस ठाण्यातली नोंद, न्यायालयाचा आदेश. हे कागद कसे उभे करायचे आणि घोडा हाती आल्यावर त्याला जगवायचं कसं, ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी नीट बघा

हडकुळा घोडा दिसला की मालकाने उपाशी ठेवलं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. म्हातारा घोडा, दूध पाजणारी घोडी, जंत झालेला किंवा दात झिजलेला घोडा खाऊनही वाळतो. जगभर घोड्याची अंगस्थिती १ ते ९ अशा गुणांत मोजतात. ही पद्धत १९८३ साली अमेरिकेत हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ या सहा ठिकाणी किती चरबी आहे ते पाहून गुण देतात. ५ म्हणजे ठीक, १ म्हणजे निव्वळ हाडांचा सापळा. तुम्हाला गुण देता आले नाहीत तरी चालेल, पण या सहा जागा दिसतील असे फोटो काढा. पशुवैद्यक त्यावरून अंदाज बांधू शकतात.

त्यानंतर पाठ आणि तंगाची (खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याची) जागा बघा. खोगीर उतरवलेलं असताना पाठीवर पांढऱ्या केसांचे चट्टे दिसले तर त्या जुन्या, बऱ्या झालेल्या जखमा असतात. ओला लाल भाग, पू, माश्या म्हणजे जखम आजची आहे आणि तिच्यावरच खोगीर कसलं जातंय. ओठांच्या कोपऱ्यात चिरा असतील तर लगामाचा लोखंडी भाग काटेरी किंवा खडबडीत आहे का, ते पाहा. खुरं पुढे वाढून वर वळली असतील तर बऱ्याच काळात नालबंद फिरकलेला नाही. साधारण दर ६ ते ८ आठवड्यांनी खुरांची निगा लागते. लंगडणं तर फोटोपेक्षा व्हिडिओतच कळतं, म्हणून घोडा चालताना बाजूने अर्धा मिनिट चित्रण करा.

घोड्याच्या मागून कधीही जाऊ नका. तो दुखण्यात असेल तर लाथ बसायला क्षणही लागत नाही.

२. कायदा तुमच्या बाजूने कुठे आहे

मुख्य कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम ११ (१) मध्ये मारहाण, अतिभार, जखमी किंवा आजारी जनावराकडून काम करून घेणं, पुरेसा चारा-पाणी-निवारा न देणं आणि वाऱ्यावर सोडून देणं हे सगळं गुन्हा ठरतं. पावसाळ्यात धंदा बसला म्हणून रस्त्यावर सोडलेला घोडाही यात येतो.

याच कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांत आकडे दिलेले आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांवर जात असेल अशा भागात दुपारी १२ ते ३ काम नाही. पाठीवरच्या मालाची मर्यादा तट्टूला ७० किलो, खेचराला २०० किलो आणि गाढवाला ५० किलो. काटेरी लगामाला बंदी आहे. तक्रारीत "घोड्याला खूप राबवतात" असं लिहिण्यापेक्षा "दुपारी १ वाजून १० मिनिटांनी, तापमान ३७ अंशांवर असताना, सवारी सुरू होती" असं लिहिलंत तर नियम थेट लागू होतो.

आता कटू भाग. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. १९६० सालचा आकडा आहे तो, आणि अजून तसाच ठेवणं लाजिरवाणं आहे. म्हणून दंडाच्या मागे लागू नका. मालकाला खरा चटका बसतो तो इतर तरतुदींनी: जप्ती, उपचाराचा खर्च, आणि पुढे जनावर बाळगण्यावर येऊ शकणारी बंदी. जनावर मारून टाकणं, अपंग करणं किंवा निकामी करणं घडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या प्रसंगाला ते लागतं का, हे मात्र वकिलाला विचारून घ्या.

न्यायालयं याबाबत उदासीन आहेत असं समजू नका. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांची मौजेची फेरी बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला, तो संस्थांनी चिकाटीने कागद पुढे केल्यामुळेच.

३. पुरावा गोळा करा, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा

या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम ३६). "बघू, पुढच्या सुट्टीत परत येऊ तेव्हा" असं म्हणत राहिलात तर चांगली तक्रारही मुदतीबाहेर जाते.

फोटो-व्हिडिओ मूळ फाइलसकट जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीतली वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. मोबाइलमधला पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे चित्रण कोणाच्या फोनवर, कधी केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. शक्य असेल तर वेगवेगळ्या दिवशीचं चित्रण घ्या. एका दिवसाची जखम अपघात म्हणून खपवता येते, पण आठवड्याभराने तीच जखम तशीच आणि वर खोगीर, याला उत्तर नसतं.

घोड्याची ओळख पक्की करा: रंग, कपाळावरचा टिळा, कोणता पाय कुठपर्यंत पांढरा, डाग, परवाना क्रमांक असल्यास तो. मालक कोण हेही शोधा. लगाम धरून चालणारं पोर बहुधा रोजंदारीवर असतं. कलम ११ (२) सांगतं की क्रूरता टाळण्यासाठी वाजवी काळजी आणि देखरेख न ठेवणारा मालकही गुन्हेगार मानला जातो. तक्रार त्या गरीब पोरावर थांबू देऊ नका.

४. बोलून सुटेल ते बोलून सोडवा

प्रत्येक वाळका घोडा क्रूर मालकाचा नसतो. हातावर पोट असलेल्या घोडेवाल्याला कधी औषधाचे पैसे जमत नाहीत, कधी जखमेवर काय लावायचं तेच ठाऊक नसतं. "मामा, घोड्याच्या पाठीला काय झालंय? डॉक्टरांना दाखवलंत का?" असा सरळ प्रश्न विचारा. तो जनावराच्या दुखण्याबद्दल बोलू लागला, तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावून द्या आणि जखम भरेपर्यंत घोडा कामाला न जुंपण्याचं वचन घ्या. काही दिवसांनी परत जाऊन बघा. हमरीतुमरीवर आला, घोडा लपवू लागला, किंवा वचन देऊनही तोच घोडा तसाच धंद्याला दिसला, तर पुढच्या पायरीवर जा. घोडा कोसळलेला असेल, पाय मोडला असेल, तर बोलणीबिलणी सोडा आणि थेट ११२ ला फोन करा.

५. तक्रार अशी लिहा

भावना बाजूला ठेवा. दिसलं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ:

"दिनांक … रोजी सकाळी ११.२० वाजता … किनाऱ्यावर, वाहनतळाच्या उत्तर बाजूस, एक तांबडा घोडा (कपाळावर पांढरा ठिपका, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा) सवारीसाठी वापरला जात होता. खोगिराखाली तळहाताएवढी उघडी जखम असून तीतून पू वाहत होता. मागच्या उजव्या पायाने तो लंगडत होता. सावली वा पाण्याची सोय आढळली नाही. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ (१) (a), (b) व (h) खाली नोंद घेऊन कलम ३४ प्रमाणे घोडा तपासणीसाठी ताब्यात घ्यावा, ही विनंती."

हे पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीला आणि एक जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असे) आहेत, म्हणून ठाण्यात "आम्ही काही करू शकत नाही" असं ऐकायला मिळेल. अदखलपात्र नोंद तरी करून घ्यायलाच लावा. आणि नम्रपणे कलम ३४ दाखवा: शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला संशयावरून जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकासमोर तपासणीला नेता येतं. तरीही हालचाल झाली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद करा. इथपर्यंत यायचं तर एखादी प्राणीकल्याण संस्था किंवा वकील सोबत असलेला बरा.

रात्री गुपचूप दोर सोडून घोडा नेऊ नका. ती चोरी ठरते, आणि मालक फिर्यादी होतो. पैसे देऊन विकत घेऊन सोडवण्याचाही मोह होतो. मन पिळवटतं अशा वेळी, मला ते कळतं. पण निर्दयी मालक त्याच पैशांत दुसरा घोडा आणतो आणि त्याच खुंट्याला बांधतो.

६. ताबा घेण्याचा दिवस

त्या दिवशी पशुवैद्यक जागेवर हवेत, कारण पंचनाम्यात त्यांचे शब्द हवेत: वजनाचा अंदाज, जखमांची लांबी-रुंदी, नाडी, श्वास, ताप. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश असतो. उतरती फळी आणि तळाशी वाळू किंवा भुसा असलेली गाडी, मऊ दोराची मोरकी आणि घोड्यांत वावरलेला एक शांत माणूस, एवढं तरी आधी ठरवून ठेवा. बघे आणि कॅमेरे लांब ठेवा.

नवा घोडा थेट इतर घोड्यांत सोडू नका. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसालाही होणारा जीवघेणा रोग आहे. त्यासाठी रक्ताची तपासणी करून घ्या. हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामातलं मुख्य केंद्र आहे. अहवाल येईपर्यंत वेगळा तबेला, वेगळी बादली, वेगळा तोबरा.

मालक काही दिवसांतच सुपुर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर) घोडा परत मागेल. बऱ्याच प्रकरणांची माती इथेच होते. म्हणून जप्तीबरोबरच दंडाधिकाऱ्यांपुढे लेखी मागणी करा की खटला संपेपर्यंत घोडा पांजरपोळ किंवा प्राणीकल्याण संस्थेकडे राहावा (कलम ३५ आणि २०१७ चे मुद्देमाल-जनावरांबाबतचे नियम), आणि चारा-औषधाचा खर्च मालकाकडून घ्यावा. रोजच्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा.

७. पहिले दहा दिवस: खाऊ घालताना सांभाळा

उपाशी घोडा दिसला की लोक गूळ, चपात्या, भिजवलेले हरभरे घेऊन धावतात. याच प्रेमाने घोडा मरू शकतो. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पिठूळ आणि गोड अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये खेचलं जातं. रक्तातली त्यांची पातळी कोसळते, हृदय आणि श्वासाचे स्नायू साथ सोडतात. हे पोटभर खाल्ल्यावर लगेच घडत नाही, तीन-पाच दिवसांनी घडतं. त्यामुळे "काल तर छान खात होता" असं म्हणणारे गोंधळून जातात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधनातून निघालेली रीत अशी: पहिले ३ दिवस फक्त वाळलेली, पानांची लसूणघास (ल्युसर्न, म्हणजे अल्फाल्फा हा चारा), सुमारे अर्धा किलो दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा. धान्य, कोंडा, गूळ पूर्ण बंद. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. पाणी स्वच्छ आणि कायम समोर. जंताचं औषध, दातांच्या टोकदार कडा घासून घेणं, खुरं कापणं हे सगळं पशुवैद्यक सांगतील तेव्हाच, एका दिवसात नाही. धनुर्वाताच्या लशीचं मात्र लगेच विचारा, कारण उघडी जखम आणि शेण एकत्र आलं की हा धोका घोड्याला फार मोठा. अंग भरून यायला तीन ते पाच महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. दर आठवड्याला त्याच बाजूने, त्याच अंतरावरून फोटो काढत राहा. "घोडा मुळातच असा होता" या बचावाला तेच उत्तर.

८. मालकाला मोकळं सोडू नका

घोडा सुखरूप झाला की बहुतेकांचा तारखांना जाण्याचा उत्साह ओसरतो. साक्षीदार आला नाही तर आरोपी सुटतो आणि घोडा परत जाऊ शकतो. तारखा कॅलेंडरवर लिहा, पंचांना आणि पशुवैद्यकांना आदल्या दिवशी फोन करा. दोष सिद्ध झाला तर सरकारी वकिलांमार्फत कलम २९ खाली स्वतंत्र अर्ज द्या. पूर्वीची शिक्षा, मालकाचं वर्तन किंवा जनावराला दिलेली वागणूक यांवरून पुन्हा क्रूरता होण्याची शक्यता दिसली, तर न्यायालय घोड्याची मालकी काढून घेऊ शकतं आणि ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचं जनावर बाळगायला मनाई करू शकतं. मनाईची मागणी करणार असल्याचं मात्र मूळ तक्रारीतच लिहिलेलं असावं लागतं, आणि असं जनावर पाळायला परवाना लागतो अशा भागातच ती होऊ शकते. पूर्वीचं अदखलपात्र प्रकरण, जुन्या तक्रारींच्या पोचा, हे सगळं त्या अर्जाला जोडा. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन, परवाना देणाऱ्या नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला परवाना रद्द करण्याच्या लेखी मागणीसह द्या, आणि त्या पत्राचीही पोच घ्या.