सीडी हरवलेले जुने बिलिंग सॉफ्टवेअर नव्या संगणकावर कसे न्यावे

पंधरा वर्षांपूर्वी गावातल्याच एखाद्या प्रोग्रामरने बसवून दिलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर दुकानात अजून चोख चालत असते. मात्र त्याची सीडी सापडत नाही आणि त्या प्रोग्रामरचा फोनही लागत नाही. विंडोज ७ चा तो संगणक कुरकुरू लागला, की पुष्कळ जण डेस्कटॉपवरचे चिन्ह पेनड्राइव्हवर घेतात आणि काम झाले असे समजतात. चिन्ह म्हणजे नुसता पत्ता असतो. सॉफ्टवेअरचे खरे सामान विंडोजमध्ये ठिकठिकाणी पसरलेले असते.

म्हणून पहिले काम म्हणजे जुन्या संगणकात काहीही न बदलता संपूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेणे. मायक्रोसॉफ्टचे ‘डिस्क२व्हीएचडी’ हे मोफत साधन चालू संगणकाची अशी प्रतिमा एका फाइलमध्ये उतरवते. ज्या बाह्य डिस्कवर ती ठेवायची, ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ही प्रतिमा हाती आल्यावरच पुढचे प्रयोग करावेत.

त्यानंतर चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये सॉफ्टवेअरचे फोल्डर कोठे आहे ते पाहावे. आत डीबीएफ फाइली असतील तर ते बहुधा फॉक्सप्रोचे, एमडीबी फाइल असेल तर बहुधा व्हिज्युअल बेसिकचे असते. ही दोन्ही असे प्रोग्राम लिहिण्याची जुनी साधने. डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्व प्रणालीच्या, काळातले सॉफ्टवेअर नेणे सर्वांत सोपे, कारण त्याचे फोल्डर उचलून नेले की बहुतेक वेळा भागते. मात्र ६४ बिटचे विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवत नसल्याने ‘व्हीडॉस’सारखा आधार लागतो.

खरी कसरत व्हिज्युअल बेसिकच्या सॉफ्टवेअरची असते. फोल्डर नव्या संगणकावर त्याच नावाने, त्याच मार्गावर ठेवावे. मात्र ते ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असेल तर शक्यतो थेट सी ड्राइव्हवर आणावे, नाहीतर विंडोज नोंदी गुपचूप दुसऱ्याच फोल्डरमध्ये लिहीत राहते आणि बॅकअपमध्ये त्या येत नाहीत. मग सॉफ्टवेअर सुरू करून कोणती फाइल नाही अशी तक्रार येते ते लिहून घ्यावे. हार्डवेअरच्या एका दुकानातले सॉफ्टवेअर हलवताना माझ्यासमोर पहिले नाव आले ते ‘एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स’. अशी फाइल ३२ बिटच्या जुन्या विंडोजमधील ‘सिस्टिम३२’मधून घेऊन नव्या विंडोजच्या ‘सिसवॉव६४’मध्ये ठेवावी. नाव उलटे वाटते खरे, पण ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या फाइलींचे घर तेच आहे. नंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याच फोल्डरमधील ‘रेगएसव्हीआर३२’ने तिची नोंदणी करावी. एकेक फाइल अशी आणत जावे. सगळे ‘सिस्टिम३२’ एकदम ओतू नये, त्याने नवे विंडोजच बिघडते.

तारखेकडे मुद्दाम लक्ष द्यावे. नव्या संगणकात अमेरिकी पद्धत असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिलची तारीख ४ मार्च म्हणून वाचली जाते आणि बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. बिलावर मराठी नाव छापत असाल तर जुने फाँटही सोबत न्यावेत. युनिकोडपूर्व काळातला फाँट नसला, की ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

एवढे करूनही सॉफ्टवेअर उभे राहिले नाही, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आतच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नवे मशीन तयार करून सुरुवातीला घेतलेली प्रतिमा त्याला ‘आधीची डिस्क’ म्हणून जोडावी. निळा पडदा आला तर डिस्कचा कंट्रोलर (ती जोडण्याची पद्धत) साटाऐवजी आयडीई, किंवा उलट, करून पाहावा. मूळ विंडोज संगणकाबरोबरच आलेले असेल तर त्याचा परवाना त्या संगणकापुरताच असतो, त्यामुळे वेगळा परवाना लागू शकतो. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली असल्याने या मशीनला इंटरनेट देऊ नये. नक्कल रोखणारे सॉफ्टवेअरचे कुलूप ड्राइव्हच्या व्हॉल्यूम क्रमांकावर (फॉरमॅट करताना मिळणाऱ्या) असेल तर प्रतिमेत तो तसाच येतो. पण हार्ड डिस्कच्या कारखान्यातल्या क्रमांकावर असेल, तर सॉफ्टवेअरचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून नवा कोड घेण्यावाचून मार्ग नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवर असेल आणि सॉफ्टवेअर एलपीटी१ (प्रिंटरचे जुने पोर्ट) शोधत असेल, तर प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ त्याला जोडता येतो.

शेवटी जुने एखादे बिल दोन्ही संगणकांवर छापून पाहावे आणि ३१ मार्चची शिल्लक पैशापर्यंत जुळते का ते तपासावे. महिनाभर दोन्हीकडे नोंदी कराव्यात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा ती प्रतिमा निदान तोवर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि त्यातली एक दुकानाबाहेर.