पत्र्याच्या शेडवर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरताना
गोठ्याच्या शेडला पत्रे बसवताना इम्पॅक्ट ड्रायव्हरचा, म्हणजे फिरवताना ठोके देत स्क्रू आवळणाऱ्या बॅटरीवरच्या मशीनचा, ट्रिगर पूर्ण दाबून धरू नका. ५.५ मिमीच्या सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत शिरणाऱ्या) स्क्रूला ८ मिमीचा, इम्पॅक्टसाठीच बनवलेला सॉकेट (स्क्रूच्या डोक्यावर बसणारा तुकडा) लावा; साधा सॉकेट ठोक्यांनी तुटून उडू शकतो. ड्रायव्हर पत्र्याला काटकोनात धरून सुरुवात हळू करा. स्क्रू खालच्या लोखंडी अँगलमध्ये शिरला की ट्रिगर ढिला करून थोडं थोडं आवळा. वॉशरचं रबर कडेला किंचित फुगलं की लगेच थांबायचं. एकदोन ठोके जास्त बसले तर रबर चिरतं आणि मृगाच्या पावसात नेमकं तिथूनच गळतं. सॉकेट बदलताना बॅटरी काढा. चष्मा हवाच, लोखंडाचा कीस डोळ्यांकडे उडतो. लातूर-नांदेडकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी पत्र्यावर ठेवू नका. तापलेली बॅटरी सावलीत गार झाल्यावरच चार्जिंगला लावा.