आरएमएमवर लाल दिसलं की आधी काय बघायचं?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसातून आम्ही दुकानं-दवाखान्यांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळतो. तिथे डिप्लोमा, बीसीए, आयटीआय करून नवीन मुलंमुली कामाला लागतात तेव्हा पहिल्या आठवड्यात प्रश्न ठरलेला असतो. "सर, आम्ही कुठलं आरएमएम सॉफ्टवेअर शिकू? निंजावन, अटेरा, डॅटो, की मॅनेजइंजिन?" मी सांगतो, कुठलंही एक घ्या. स्क्रीनवर काय कुठे आहे ते लवकरच हाताला बसतं आणि एक आलं की दुसरं अवघड जात नाही. वेळ लागतो तो क्लायंटचा दिवस कसा चालतो हे कळायला. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा दिवस वेगळा, मिरजेतल्या दवाखान्याचा वेगळा, कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपचा वेगळा. हे ज्याला कळलं त्याला आरएमएम कळलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडक्यात ओळख. आरएमएम म्हणजे रिमोट मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट. क्लायंटच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला एजंट म्हणतात. हा एजंट स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो, साधारणपणे ४४३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे वेबसाइट उघडते त्याच वाटेने. त्यामुळे क्लायंटच्या राउटरवर बाहेरून आत यायचा रस्ता उघडावा लागत नाही आणि ब्रॉडबँडवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसला तरी काही अडत नाही. पूर्वी सर्रास रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून ठेवला जायचा. तसं कुठे दिसलं तर आजच बंद करा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवाल्यांचा तो आवडता दरवाजा आहे.

एजंट बसला की डिस्कमध्ये जागा किती, मेमरी किती भरली, अँटिव्हायरस चालू आहे का, बॅकअप झाला का, कुठली सर्व्हिस बंद पडली, हे सगळं आपल्या स्क्रीनवर, म्हणजे डॅशबोर्डवर, दिसायला लागतं. नवीन माणूस इथे हमखास गांगरतो. स्क्रीन भरून पिवळं-लाल दिसतं आणि तो वरून खाली एकेक अलर्ट बंद करत सुटतो.

सांगलीकरांना अलर्ट समजवायला मला आयर्विन पूल पुरतो. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की सगळं गाव पुलाजवळची पातळी विचारतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पण जाणता माणूस नुसता फुटांचा आकडा विचारून थांबत नाही. तासाला किती वाढतंय आणि कोयनेतून किती सोडलंय, हेही तो विचारतो. डिस्कच्या अलर्टला हेच तीन प्रश्न विचारा. किती भरली, किती वेगाने भरतेय आणि कशामुळे. वर्षभर ८५ टक्क्यांवर स्थिर असलेली डिस्क आज तुम्हाला काही करणार नाही. काल ५० टक्के होती आणि आज ७० झाली, ती आधी उघडा, ती पिवळीसुद्धा झालेली नसली तरी. आलेख सावकाश चढत असेल तर बहुतेक वेळा बॅकअपच्या जुन्या प्रती साठत असतात किंवा एखादी लॉग फाइल वाढत असते. एकदम उभा चढला असेल तर कुणीतरी मोठं काही कॉपी केलेलं असतं. फाइली पुसण्याआधी कुठला फोल्डर वाढला ते बघा, आणि टॅलीच्या डेटा फोल्डरला क्लायंटला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता उलटी बाजू. सगळं हिरवं आहे आणि तरी काम ठप्प आहे, हेही होतं. मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून सकाळी फोन आला. "अहो साहेब, रिपोर्ट सेव्हच होईना झालाय, बाहेर पेशंट बसलेत." डॅशबोर्डवर सर्व्हर धडधाकट. डिस्क अर्धी रिकामी, प्रोसेसर निवांत, डेटाबेसची सर्व्हिस चालू. मग एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद, उघडला तर १८२७ नंबरची एरर. त्या लॅबचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालत होतं. ही फुकट आवृत्ती आहे आणि २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डेटा फाइल तिथे पोचली की डिस्कवर कितीही जागा असो, नवीन नोंद आत जात नाही. सॉफ्टवेअरवाल्याला जोडून घेऊन जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवला तेव्हा काउंटर सुरू झाला.

आरएमएमसोबत जे तयार मॉनिटर येतात, त्यांत हे बसत नाही. त्या दिवशी आम्ही एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहिली. ती रोज रात्री डेटाबेस फाइलचा आकार बघते, ८ जीबीला इशारा देते आणि ९ ला तिकीट, म्हणजे आमच्यासाठी कामाची नोंद, उघडते. मग एक्सप्रेस वापरणाऱ्या सगळ्या क्लायंटकडे ती लावली. नवीन साइट घेताना मी मुलांना हेच सांगतो की तिथे जाऊन बसा, चहा घ्या आणि काउंटरवरच्या ताईंना विचारा, "काय बंद पडलं तर तुमचं सगळं अडतं?" त्या जे सांगतील ते मॉनिटरमध्ये आलं पाहिजे. बारकोड प्रिंटर म्हणतील, वजनकाट्याला जोडलेला पीसी म्हणतील. तयार टेम्प्लेटमध्ये या गोष्टी नसतात.

ऑफलाइनच्या अलर्टबद्दल थोडं. संध्याकाळी सातनंतर दुकानाचा डेस्कटॉप ऑफलाइन गेला तर मालकाने शटर ओढलंय, एवढाच त्याचा अर्थ. त्याला अलर्ट नको. सर्व्हर मात्र कधीही गेला तरी कळला पाहिजे. एका साइटचे सगळे एजंट एकाच मिनिटाला गेले तर एकेक मशीन तपासत बसू नका. वळवाच्या पावसात हे नेहमीचं आहे. फोन उचला आणि विचारा, "लाईट आहे का?" लाईट असेल तर इंटरनेट गेलंय. लाईट परत आल्यावर सगळी मशीन हिरवी झाली आणि सर्व्हर तेवढा लालच राहिला, तर बायॉसमधली (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग बंद असते. हे नवीन साइट घेतानाच बघून ठेवावं, म्हणजे पावसापाण्यात बटण दाबायला कुणाला तासगावला पळावं लागत नाही.

पॅचिंग, म्हणजे अपडेट बसवणं, हा माझ्या मते सगळ्यात जास्त विचार मागणारा भाग आहे. मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. म्हणजे तारीख ८ ते १४ मध्ये कधीतरी. आता आपल्या क्लायंटचं कॅलेंडर बघा. दर महिन्याला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची शेवटची तारीख ११ आणि जीएसटीआर-थ्रीबीची २०. "अपडेट आठवडाभर थांबवून मग सगळीकडे सोडू" असं पुस्तकी धोरण लावलं, तर ते बरोबर २० तारखेच्या तोंडावर, कर सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्नची घाई चालू असताना जाऊन पडतं. म्हणून आमच्याकडे बुधवारी आमच्या स्वतःच्या मशीनवर अपडेट जातात, त्यानंतर दोनेक दिवसांत प्रत्येक क्लायंटच्या एका मशीनवर, आणि हिशोबाच्या ऑफिसांत बाकी सगळे २० तारखेनंतर. हळदीच्या हंगामात यार्डातल्या पीसीला सौद्याच्या वेळी रीस्टार्ट नको. दवाखान्याच्या सर्व्हरला आधी फोन करून, त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच. पण एखाद्या त्रुटीचा गैरफायदा हल्लेखोर आधीच घेतायत असं जाहीर झालं असेल, तर हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवायचं, क्लायंटला कारण सांगायचं आणि त्याच रात्री पॅच करायचा.

टप्प्याटप्प्याने का, याचं उत्तर १९ जुलै २०२४ ने दिलं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. अशा वेळी आरएमएमचा काही उपयोग होत नाही, कारण विंडोजच सुरू होत नाही तर एजंट कुठून सुरू होणार? माणसाला मशीनपुढे उभं राहावं लागतं. त्यामुळे प्रत्येक साइटवर कुणाला फोन करायचा, सर्व्हरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कुठे ठेवलीय, ही माहिती आरएमएमच्या बाहेरसुद्धा लिहिलेली हवी.

स्क्रिप्टिंगला लागलात की एक गोष्ट नवीन माणसाला फार छळते. स्वतःच्या हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते, आरएमएममधून सोडली की काहीच करत नाही. कारण असं की एजंट विंडोजवर बहुधा सिस्टिम या खात्याने चालतो, समोर बसलेल्या माणसाच्या खात्याने नाही. त्या माणसाने नेटवर्कवरून जोडलेला झेड ड्राइव्ह सिस्टिमला दिसत नाही. त्याने स्वतःपुरता जोडलेला प्रिंटर दिसत नाही. रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) 'करंट यूजर' म्हणजे तिथे ते दुकानदार नसतात, सिस्टिम असते. काही एजंट ६४ बिट विंडोजवरही ३२ बिट पॉवरशेल उघडतात, मग रजिस्ट्रीचा भलताच भाग वाचला जातो. बऱ्याच आरएमएममध्ये 'लॉग इन केलेल्या यूजरच्या नावाने चालवा' असा पर्याय असतो, तो शोधा. आणि सिस्टिमची ताकद ॲडमिनिस्ट्रेटरपेक्षाही जास्त असते, हे लक्षात ठेवून स्क्रिप्ट आधी एका मशीनवर, मग पाचवर, मग सगळीकडे.

या ताकदीचं ओझं वाटलं पाहिजे. एक माणूस एका क्लिकवर शेकडो कॉम्प्युटरवर काहीही चालवू शकतो. हेच हल्लेखोरांनाही हवं असतं. २ जुलै २०२१ ला, अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाची सुट्टी लागत असताना, रेव्हिल नावाच्या टोळीने कासेया व्हीएसए या आरएमएममधल्या त्रुटीतून रॅन्समवेअर सोडलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार थेट ग्राहक साठापेक्षा कमी होते, पण त्या ग्राहकांच्या ग्राहकांपर्यंत धरलं तर दीड हजारापर्यंत व्यवसायांना फटका बसला. स्वीडनमध्ये कोऑप साखळीला आपली शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण पैसे घ्यायचे काउंटरच चालेनात. त्या दुकानदारांनी कासेयाचं नावही ऐकलं नसेल. आपल्या पतसंस्था आणि दवाखाने त्याच जागी आहेत.

म्हणून टीममध्ये लॉगिन वाटून घ्यायचं नाही, प्रत्येकाचं वेगळं. दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना. कुणी नोकरी सोडली तर त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद. आणि काही विपरीत घडलं तर लपवायचं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

क्लायंटची स्क्रीन रिमोटने घेतानाही तेच. स्क्रीनवर पगारपत्रक उघडं असेल, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट उघडा असेल. आधी फोन, "मॅडम, दोन मिनिटं तुमची स्क्रीन घेऊ का? उघडं असलेलं बंद करा हवं तर." त्यांनी हो म्हटल्यावरच जोडायचं. परवानगी विचारणारी सेटिंग आमच्याकडे कायम चालू असते. एनीडेस्कसारखं दुरून स्क्रीन घेणारं ॲप उतरवायला लावून खात्यातले पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता. लोक घाबरतात ते बरोबरच आहे. "तुम्ही आमच्या पीसीत काय काय बघता?" असं क्लायंटने विचारलं तर मला बरं वाटतं. जे दिसतं ते सगळं मी त्याला डॅशबोर्ड उघडून दाखवतो.

घरी सराव करायला खर्च येत नाही. एखादा जुना लॅपटॉप घ्या, मेमरी वाढवा, व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. विंडोज ११ एंटरप्राइझची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ९० दिवसांसाठी मिळते, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांसाठी. मेशसेंट्रल हे दुरून मशीन सांभाळायचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, लिनक्सवर बसवून बघा. त्यानंतर टॅक्टिकल आरएमएम, त्याला स्वतःचं डोमेन लागतं. नुसतं मॉनिटरिंग शिकायचं असेल तर झॅबिक्स. मग एक-एक गोष्ट मुद्दाम बिघडवा. डिस्क भरा, प्रिंट स्पूलर (प्रिंट काढणारी सर्व्हिस) बंद करा, मशीन अर्धवट अपडेटवर सोडा आणि अलर्ट कसा येतो ते बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप कुठल्या मशीनला नाही हे शोधणारी स्क्रिप्ट लिहून बघा. हे काम अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे आणि सांगलीतच काय, पुण्यात किंवा रात्रपाळीने परदेशी क्लायंट सांभाळणाऱ्या कंपन्यांतही त्याची कदर होते.

मुलाखतीला याल तेव्हा प्रमाणपत्रांची फाइल मी नंतर बघेन. तुमच्या त्या लॅपटॉपवर स्वतः लावलेला एक अलर्ट उघडून दाखवा, तो त्याच आकड्यावर का लावलात ते सांगा, आणि तो वाजल्यावर तुम्ही पहिला फोन कुणाला कराल तेही.