व्हायरस गेला, पण सेटिंग्ज बिघडलेल्याच? या चुका टाळा

अँटिव्हायरस म्हणतो, व्हायरस काढला. तरी टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडायला गेलं की 'ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे' असा संदेश येतो. घरच्या कॉम्प्युटरचे ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच, मग बंद कुणी केला? अँटिव्हायरस व्हायरसची फाइल उचलून नेतो. त्या फाइलने विंडोजमध्ये केलेले बदल मात्र बऱ्याचदा तसेच राहतात.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो क्रम चुकल्यामुळे. व्हायरस जिवंत असताना सेटिंग सुधारली, तर तो ती पुन्हा बिघडवू शकतो. म्हणून आधी विंडोज सिक्युरिटीत जाऊन अपवादांची यादी बघा. 'हे फोल्डर तपासू नका' अशी नोंद काही व्हायरस स्वतःच तिथे करतात. अनोळखी नोंद काढा, उघड्या फाइल सेव्ह करा आणि डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. साधारण 15 मिनिटं लागतात.

आता टास्क मॅनेजर. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, करंट युजरखालच्या पॉलिसीज, सिस्टिम या जागी 'डिसेबल टास्क मॅनेजर' अर्थाची नोंद असते, ती डिलीट करायची. त्याआधी तो भाग एक्सपोर्ट करून ठेवा, म्हणजे त्याची प्रत जपून ठेवा. 'एका क्लिकमध्ये रजिस्ट्री दुरुस्त' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर उतरवू नका, त्यातूनच नवा व्हायरस येऊ शकतो. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर हात लावू नका. तिथे हे बंधन आयटीवाल्यांनीच घातलेलं असू शकतं.

व्हायरस काढल्यावर इंटरनेटच बंद पडलं, की लोक थेट केबलवाल्याला फोन लावतात. आधी सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्यातून वळवली जाते तो मधला थांबा, बघा. काही व्हायरस ब्राउझरची सगळी ये-जा स्वतःमधून वळवतात आणि तिथे 127.0.0.1 असा पत्ता, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरचा, टाकतात. व्हायरस गेला, पत्ता राहिला, म्हणून पानं उघडत नाहीत. तो प्रॉक्सी बंद करा. फक्त अँटिव्हायरसच्या साइट उघडत नसतील तर होस्ट्स फाइल तपासा; कोणत्या साइटचं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं, ते विंडोज आधी तिथे बघतं. मूळ फाइलमध्ये प्रत्येक मजकुराच्या ओळीआधी # असतो. त्याशिवायच्या अनोळखी ओळी संशयास्पद.

राउटरचा डीएनएसही, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बघाच. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांचे डीएनएस पत्ते बदलले होते. 2011 मध्ये एफबीआयने टोळी पकडली, पण त्यांचे सर्व्हर लगेच बंद करता येईनात; बाधितांचं इंटरनेटच गेलं असतं. पर्यायी सर्व्हर 9 जुलै 2012 पर्यंत चालू ठेवावे लागले.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत? फॉरमॅट मारू नका. फाइल बहुधा तिथेच असतात, लपवलेल्या. नुसतं 'हिडन आयटम्स' चालू करून त्या दिसत नाहीत, कारण त्यांना सिस्टिम फाइलचाही शिक्का मारलेला असतो. फोल्डर ऑप्शन्समधली सिस्टिम फाइल लपवण्याची खूण काढा. शॉर्टकटवर मात्र डबल क्लिक नको.

आणि एसएफसी (सिस्टिम फाइल चेकर) या विंडोजच्या स्कॅनकडून भलती अपेक्षा ठेवू नका. तो विंडोजच्या खराब झालेल्या फाइल बदलून देतो. प्रॉक्सी, होस्ट्स, पॉलिसी यांना तो हात लावत नाही. एवढं करूनही सेटिंग्ज आपोआप पालटत असतील, तर कामाच्या फाइलींचा बॅकअप घ्या आणि विंडोज नव्याने टाका.